भाडं गोठवलं म्हणून घर स्वस्त होत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या तरुणाच्या आजोबांच्या नावावर गिरगावातल्या एका चाळीत दोन खोल्या आहेत. भाडं महिना १७० रुपये. आई-वडील आजोबांसोबत तिथेच राहतात आणि मालक दुरुस्तीला हात लावत नाही. हा तरुण स्वतः कांदिवलीला लिव्ह अँड लायसन्सवर राहतो आणि जवळजवळ निम्मा पगार भाड्यात घालतो. त्याचं म्हणणं, सरकारने मुंबईतल्या सगळ्याच भाड्यांवर कमाल मर्यादा घालावी. आणि याला विरोध करणारे लोक बिल्डरांचीच बाजू घेतात, असं नाही का?

माझी उमेदीची सगळी वर्षं धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात, म्हणजे स्मॉल कॉजेस कोर्टात गेली. मालकांची वकीलपत्रं घेतली, भाडेकरूंचीही घेतली. आर्थिक धोरणात मी उजव्या विचारांचा आहे. खासगी मालमत्ता, करार पाळणं आणि सरकारने दिलेला शब्द न बदलणं या तीन गोष्टींवर समाज उभा राहतो असं मी मानतो. तेव्हा माझं उत्तर स्पष्ट आहे: सरसकट भाडेनियंत्रण नको. यासाठी परदेशी अर्थतज्ज्ञांची साक्ष काढण्याची गरज नाही. मुंबईने हा प्रयोग पाऊणशे वर्षं स्वतःवर करून पाहिला आहे. तुमच्या आजोबांचे १७० रुपये आणि तुमचा भाड्यात जाणारा निम्मा पगार, दोन्ही त्याच प्रयोगातून आलेले आहेत.

मुळात हा कायदा वाईट हेतूने झाला नव्हता, हे आधी मान्य करू. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये मुंबईत भाड्यांवर पहिलं नियंत्रण आलं. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच झालं. युद्धामुळे सिमेंट-लोखंड मिळेना, बांधकाम ठप्प झालं आणि शहरात माणसांचा लोंढा सुरू होता. अशा वेळी घरमालकाने रातोरात भाडं दुप्पट करावं आणि गिरणीतल्या कामगाराने बिऱ्हाड रस्त्यावर मांडावं, हे कुठलंही शहाणं सरकार होऊ देणार नाही. मीही होऊ दिलं नसतं. मग १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला आणि १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच ‘प्रमाण भाडं’ ठरलं. हा कायदा ठरावीक मुदतीचा होता. युद्ध संपलं, फाळणीच्या निर्वासितांचा लोंढा ओसरला, तरी मुदतवाढ मिळत राहिली. दर वेळी विधिमंडळात तेच घडलं. मुदत संपत आली की पुढची वाढ, मग त्याच्या पुढची. लाखो भाडेकरू मतदार, मालक मूठभर. असा हिशेब असला की कुठल्या पक्षाचं सरकार आहे याने फारसा फरक पडत नाही.

शेवटी सर्वोच्च न्यायालयाला बोलावं लागलं. मलपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात डिसेंबर १९९७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की १९४० च्या पातळीवर भाडं गोठवून ठेवणारी तरतूद एकेकाळी वाजवी असली तरी काळाच्या ओघात ती मनमानी झाली आहे. कायदा तेव्हा मुदत संपायच्या बेतात होता आणि नवा येणार असं सरकारने सांगितलं होतं, म्हणून न्यायालयाने ती तरतूद तिथल्या तिथे रद्द केली नाही. त्यातून १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. पण जुनी भाडी त्याने बाजाराकडे नेली नाहीत. जुन्याच भाड्यावर एकदा ५ टक्के आणि मग दर वर्षी ४ टक्के वाढ, इतकंच दिलं. ज्या खोलीचं भाडं तेव्हा ६० रुपये होतं, तिचं पहिल्या वाढीनंतर ६३ झालं आणि पुढची पंचवीस वर्षं ४ टक्क्यांनी वाढत ते १६८ रुपयांवर आलं. तुमचे १७० बहुधा असेच आले असतील.

आता मालक दुरुस्ती का करत नाही, ते पाहू. ठाकुरद्वारच्या बाजूच्या एका तीन मजली चाळीच्या मालकीणबाई माझ्या अशील होत्या. चाळीस बिऱ्हाडं, सगळ्यांचं भाडं मिळून महिन्याला सहा हजारांच्या आसपास. त्यातून पाण्याच्या पंपाचं बिल, झाडूवाल्याचा पगार, जिन्यातले दिवे आणि पालिकेची बिलं. मागच्या बाजूच्या सामायिक संडासांवरची सागवानी तुळई कुजली होती. ती काढून लोखंडी गर्डर घालायचा, तोवर वरच्या मजल्याला टेकू द्यायचे, पुन्हा कोबा-प्लास्टर करायचं, याचा कंत्राटदाराने दिलेला आकडा चाळीच्या वर्षभराच्या भाड्यापेक्षा जास्त होता. आणि ही एक तुळई. चाळीत अशा कितीतरी. बाई स्वतः त्याच चाळीत तळमजल्यावर दोन खोल्यांत राहत होत्या आणि त्यांच्या घरात मला भाडेकरूंच्या घरांपेक्षा जास्त काही दिसलं नाही. कायदा म्हणतो, इमारत राहण्याजोगी ठेवणं मालकाचं कर्तव्य. कर्तव्य लादायचं आणि ते पार पाडायचं साधन काढून घ्यायचं, हे कायद्याने पाऊणशे वर्षं केलं. बाई वाईट नव्हत्या, भाडेकरूही वाईट नव्हते. त्या इमारतीची काळजी घेणं कुणालाही परवडेल अशी सोय मात्र कुठेच उरली नव्हती.

मग पडझड सुरू झाली आणि सरकारने एका चुकीवर दुसरा उपाय रचला. १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला आणि बेट शहरातल्या, म्हणजे दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या, जुन्या इमारतींवर उपकर बसला. अशा इमारतींनाच आपण ‘सेस बिल्डिंग’ म्हणतो. तेव्हा अशा १९,६४२ इमारती होत्या. म्हणजे मालकाला भाडं वाढवू दिलं नाही, त्याऐवजी उपकर गोळा करून सरकारी मंडळ दुरुस्ती करणार. पुढे हे काम म्हाडाकडे आलं. मंडळाने कामं केलीच नाहीत असं मी म्हणणार नाही, पुष्कळ इमारती त्यांच्या टेकूंवर उभ्या राहिल्या. पण हजारो इमारतींची दुरुस्ती मंत्रालयातून आणि म्हाडाच्या फायलींतून चालवणं हे होण्यासारखं काम नव्हतं. माणसं संक्रमण शिबिरात गेली आणि तिथे त्यांची मुलं लग्नाला आली. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसं गेली. जुलै २०२० मध्ये फोर्टातली भानुशाली इमारत कोसळली, दहा माणसं गेली. दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी निघते आणि दर पावसाळ्यात त्या यादीतल्या घरांत लोक झोपलेले असतात. स्वस्त भाड्याची ही किंमत आहे, आणि ती पावतीवर लिहिलेली नसते.

नियंत्रणाने भाडं खरंच स्वस्त ठेवलं का? तेही नाही. भाडं थांबवलं की किंमत दुसऱ्या वाटेने आली, तिचं नाव पागडी. खोली सोडणारा भाडेकरू नव्या भाडेकरूकडून रक्कम घेणार, त्यातला ठरावीक वाटा, बहुतेक ठिकाणी तिसरा हिस्सा, मालकाला देणार आणि मालक नव्या नावाने पावती फाडणार. १९९९ च्या कायद्याने ही रक्कम घेणं कायदेशीर केलं, त्याआधी तो गुन्हा होता आणि सगळा व्यवहार रोखीत, काळ्या पैशात व्हायचा. गिरगाव, काळबादेवी, परळ, दादर, जिथे जाल तिथे हेच. म्हणजे बाजारभाव गेला नाही. तो फक्त मासिक भाड्यातून निघून एकरकमी पागडीत शिरला. आणि एकरकमी पैसा कोणाकडे असतो? नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाकडे नाही, विधवेकडे नाही, गावाहून आलेल्या कामगाराकडे तर नाहीच. गरिबासाठी केलेल्या कायद्याने गरिबासाठीच दार बंद केलं.

याहून वाईट काय झालं ते कोर्टात रोज दिसतं. सबळ कारणाशिवाय भाडेकरू सलग सहा महिने खोली वापरत नसेल तर मालक ती परत मागू शकतो. आता बोरिवलीला स्वतःचा फ्लॅट घेतलेला माणूस गिरगावातली खोली सोडत नाही, कारण पुनर्विकासात तिचं मोल लाखांत आहे. मग खटला येतो आणि सगळा वाद येऊन ठेपतो लाइटच्या बिलावर. महिन्याला किती युनिट जळले? गॅसचा सिलिंडर कधी आला? रेशन कार्ड कुठलं? शेजाऱ्याला किल्ली देऊन ठेवतात, तो अधूनमधून पंखा-दिवा लावतो म्हणजे मीटर फिरतं. मालकाचा माणूस दाराला लागलेल्या कुलपाचा फोटो काढून ठेवतो. भाडेकरू मेला की त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय वारस ठरतो, म्हणून कोण ‘सोबत राहत होतं’ यावर सख्खे भाऊ एकमेकांविरुद्ध प्रतिज्ञापत्रं करतात. मी ती तयार केली आहेत आणि उलटतपासणीत फोडलीही आहेत. चांगल्या घरातली, देवभोळी, एरवी कधी खोटं न बोलणारी माणसं साक्षीच्या पिंजऱ्यात शपथेवर खोटं बोलताना मी पाहिली. माणसं मुळात अशी नव्हती. एका वाईट कायद्याने त्यांच्या प्रामाणिकपणावर भलतीच मोठी किंमत लावली. परंपरा आणि नीतिमत्ता जपण्याची आस्था असणाऱ्याला हे सर्वांत जास्त टोचायला हवं.

आता तुमच्या कांदिवलीच्या भाड्याकडे येऊ. तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा तोच आहे.

१९७३ साली काय झालं ते आजच्या भाडेकरूंना सहसा माहीत नसतं. तोवर नियंत्रण टाळून घर द्यायचं असेल तर लोक ‘लिव्ह अँड लायसन्स’ने द्यायचे. म्हणजे भाडेपट्टा नाही, नुसती राहण्याची परवानगी, मुदत संपली की घर परत. सरकारने कायद्यात दुरुस्ती केली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे कोणी अशा परवानगीने राहत होते ते सगळे एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले. ज्याने मुलगा परदेशी गेला म्हणून, बदली झाली म्हणून किंवा पेन्शनला जोड म्हणून आपला फ्लॅट विश्वासाने दिला होता, त्याचा फ्लॅट कायमचा गेला. दोन माणसांनी सही केलेला करार तिसऱ्याने, म्हणजे सरकारने, मागील तारखेला बदलला. या एका दुरुस्तीने मुंबईच्या मध्यमवर्गाला जो धडा शिकवला तो पुढच्या दोन पिढ्या विसरल्या नाहीत: घर कुलूप लावून ठेवा, पण भाड्याने देऊ नका. द्यायचंच तर बँकेला द्या, कंपनीला द्या, परदेशी वकिलातीला द्या. साध्या माणसाला नको.

त्याचे आकडे केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत आहेत. भारतीय शहरांत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांचा वाटा १९६१ मध्ये ५४ टक्के होता, २०११ मध्ये तो २८ टक्क्यांवर आला. आणि २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी होती, देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. ही सगळीच भीतीमुळे रिकामी होती असं मी म्हणत नाही. गुंतवणूक म्हणून घेतलेली, वादात अडकलेली, ताबा न मिळालेलीही त्यात आहेत. पण जिथे झोपडपट्टीत लाखो माणसं राहतात तिथे इतकी घरं बंद राहावीत, यात कायद्यावरच्या अविश्वासाचा वाटा मोठा आहे, हे रोज मालकांशी बोलणाऱ्या कुठल्याही वकिलाला विचारा.

आता याच्या उलट बाजूचा पुरावाही आपल्याच कायद्यात आहे. १९९९ च्या कायद्याने लिव्ह अँड लायसन्सला पक्कं कुंपण घातलं. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि मुदत संपल्यावर राहणाऱ्याने घर सोडलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन तुलनेने लवकर ताबा मिळतो. भाडं किती घ्यायचं ते दोघांनी ठरवायचं. हे एवढं केल्यावर काय झालं? लोकांनी कुलपं उघडली. आज तुमच्यासारखा बाहेर राहणारा, पागडी देऊ न शकणारा माणूस मुंबईत ज्या घरात राहतो ते घर बहुतेक वेळा याच कराराने मिळालेलं असतं. तुमचं भाडं जास्त आहे, हे खरं. पण ते घर तुम्हाला मिळालं हेही तितकंच खरं, आणि १९८५ साली ते मिळालं नसतं. त्याच भाड्यावर उद्या सरकारने कमाल मर्यादा घातली तर पहिल्या वर्षी तुम्हाला दिलासा मिळेल. दुसऱ्या वर्षी तुमचा मालक करार संपताच घर विकेल, किंवा पुतण्याला ‘राहायला’ देईल, किंवा वरची रक्कम रोखीत मागेल. तुमच्या धाकट्या भावाला तर घर बघायलाही मिळणार नाही.

बर्लिनने हे अगदी अलीकडे करून पाहिलं. फेब्रुवारी २०२० मध्ये भाड्यांवर मर्यादा आली. नियंत्रित घरांची भाडी उतरली आणि भाड्याने उपलब्ध घरांच्या जाहिरातीही झपाट्याने कमी झाल्या. ज्यांना आधीच घर होतं ते खूश, शोधणारे रांगेत. एप्रिल २०२१ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द केला. अर्जेंटिनात २०२० च्या कायद्याने किमान तीन वर्षांचे करार आणि वर्षातून एकदाच ठरलेल्या सूत्राने वाढ सक्तीची केली. महागाई भडकलेली असताना मालकांनी घरं बाजारातून काढून घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये नव्या सरकारने तो कायदा मोडीत काढला आणि बुएनोस आयर्समध्ये भाड्याची घरं पुन्हा मोठ्या संख्येने दिसू लागली.

बिल्डरांचा मुद्दा. मला वाटतं इथे लोकांची समजूत नेमकी उलटी आहे. बिल्डरला जुन्या चाळीत जी सत्ता मिळाली ती भाडेनियंत्रणानेच दिली. मालकाला इमारत चालवणं परवडत नाही, भाडेकरूला दुरुस्ती परवडत नाही, म्हणून शेवटी एकच माणूस उरतो जो पैसे आणू शकतो. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली तो जुन्या भाडेकरूला मालकीची मोठी जागा फुकट देतो आणि त्याबदल्यात जादा एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, घेऊन वर विक्रीचे मजले चढवतो. फुकट काही नसतं. जुन्या भाडेकरूच्या नव्या फ्लॅटचा खर्च वरच्या मजल्यावर फ्लॅट विकत घेणारा भरतो आणि त्या गल्लीतलं पाणी, गटार, रस्ता वापरणारे सगळे भरतात. मालकाची भाड्याची कमाई १९४० ला थांबवली, तिची भरपाई आज परळच्या टॉवरमधला हप्ते भरणारा नोकरदार करतो आहे. गिरगावच्या अरुंद गल्लीत चाळीस मजले उभे राहताना पाहून ज्यांना वाईट वाटतं त्यांच्यात मीही आहे. ते वाडे, त्या गॅलऱ्या, ती गणपतीची आरास टिकली असती, जर इमारतीने स्वतःच्या भाड्यावर स्वतःची डागडुजी केली असती. जुनं जतन करायचं तर त्याला स्वतःच्या पायावर उभं राहू द्यावं लागतं.

मालकांनाही मी सोडणार नाही. पाणी तोडणं, जिन्यातला दिवा काढणं, म्हाताऱ्या बाईला गुंड पाठवून धमकावणं, हे मुंबईत पुष्कळ झालं आहे. कायद्यात आवश्यक सेवा तोडण्याला मनाई आहे आणि ती काटेकोर अमलात यायला हवी. मालमत्तेचा हक्क मानणाऱ्याने हे जास्त कडकपणे म्हटलं पाहिजे, कारण गुंडगिरी करणारा मालक कराराचं पावित्र्य त्या १९७३ च्या दुरुस्तीइतकंच मोडतो. जात, धर्म, खाणंपिणं, एकटी मुलगी अशी कारणं काढून घर नाकारणंही खरं आहे आणि लाजिरवाणं आहे. पण हे टंचाईत फोफावतं. दारात दहा गिऱ्हाइकं उभी असतात तेव्हा मालकाला असली निवड करणं परवडतं.

मग करायचं काय? इथे उजव्या विचारांच्या माझ्या काही मित्रांशीही माझं पटत नाही. ते म्हणतात, उद्या सकाळी कायदा रद्द करा. मी म्हणतो, नाही. राज्याने पाऊणशे वर्षं एक नियम चालवला, त्या भरवशावर माणसांनी आयुष्यं मांडली. पंच्याहत्तरीतल्या आजोबांना बाजारभाव दाखवणं हाही शब्द मोडणंच आहे. जे हयात आहेत आणि खरोखर तिथे राहतात त्यांचं संरक्षण त्यांच्या हयातीपर्यंत राहू द्या. त्यांच्यानंतर वारसाला घर मिळावं, पण भाडं दहा-पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने बाजाराकडे जावं आणि त्या वाढीतला ठरलेला भाग इमारतीच्या दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात जावा. ज्या वारसाला खरंच झेपत नाही त्याला सरकारने आपल्या तिजोरीतून भाड्याची मदत द्यावी. दया करायची तर ती सगळ्या समाजाने मिळून करावी, एका चाळमालकाच्या खिशातून नव्हे. दुकानं, पेढ्या, कार्यालयं यांना मात्र इतका काळ थांबवण्याचं कारण नाही. फोर्टातल्या मोक्याच्या रस्त्यावरचं दुकान जुन्या भाड्यात बसून बाजारभावाने माल विकतं, त्याच्यावर दया कसली? मोठ्या कंपन्या आणि बँकांना १९९९ च्या कायद्याने संरक्षणातून काढलं तेव्हा शहर बुडालं नाही. बाकीच्या व्यापारी जागाही पाच वर्षांत काढता येतील.

आणि न्यायालय, हे मी वकील म्हणून सांगतो. ताब्याचा दावा लघुवाद न्यायालयात, मग तिथेच अपील, मग उच्च न्यायालयात याचिका. मूळ वादी-प्रतिवादी गेले, त्यांचे वारस नोंदवले, वारसांचे वारस नोंदवले, असे दावे मी चालवले आहेत. मालकाला घर दोन वर्षांत परत मिळेल याची खात्री असेल तर तो भाडंही कमी घेईल, डिपॉझिटही कमी मागेल, अनोळखी माणसालाही घर देईल. केंद्राने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात भाडेवादासाठी वेगळं न्यायाधिकरण आणि राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या डिपॉझिटची मर्यादा आहे. डिपॉझिटची मर्यादा मला पटत नाही, ते दोघांवर सोडावं. न्यायाधिकरणाचं कलम मात्र महाराष्ट्राने शब्दशः घ्यावं.

एक बदल मला आशादायक वाटतो. म्हाडा कायद्याच्या जुन्या प्रकरणात उपकरप्राप्त इमारत भाडेकरूंच्या संस्थेसाठी संपादन करताना मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मिळायची. १७० रुपयांच्या खोलीचे १७,००० रुपये. यालाच आव्हान देणारी याचिका कित्येक वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे गेली आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने सांगितलं गेलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही घटनेच्या ३९(ब) मधली ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही. मालमत्तेचा हक्क १९७८ मध्ये मूलभूत हक्कांतून काढला गेला होता, त्यानंतर इतकं स्पष्ट बोलणारा निकाल मी वाचला नव्हता.

राहिला तुमच्या आजोबांच्या खोल्यांचा प्रश्न, आणि तो आजचा आहे. पावत्या शोधून एका ठिकाणी लावा, सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी दोन्ही हव्यात. मालक भाडं घेत नसेल तर बँकेतून पाठवा आणि नोंद ठेवा, थकबाकीच्या कारणावर दावा होऊ देऊ नका. आई-वडील आजोबांसोबत राहतात तर त्यांची आधार, मतदार यादी, गॅस सगळं त्याच पत्त्यावर असू द्या. तुम्ही कांदिवलीला राहता, तेव्हा स्वतःचं नाव तिथे चिकटवायचा प्रयत्न करू नका, उलटतपासणीत ते टिकत नाही आणि आईवडिलांच्या दाव्यालाही डाग लागतो. चाळ तीस वर्षांहून जुनी आहे, तेव्हा संरचनात्मक तपासणी करून घ्या. सगळ्या बिऱ्हाडांनी वर्गणी काढली तर खर्च झेपतो. अहवाल वाईट आला आणि पालिकेने किंवा सक्षम प्राधिकाऱ्याने इमारत धोकादायक ठरवली तर म्हाडा कायद्याच्या कलम ७९-अ ची वाट आहे: मालकाला ५१ टक्के रहिवाशांच्या संमतीसह प्रस्ताव द्यायला सहा महिने, त्याने दिला नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, तेही झालं नाही तर म्हाडा संपादन करते. मालकाला तिथे जमिनीच्या रेडी रेकनर (सरकारी दरपत्रकातल्या) किमतीच्या २५ टक्के किंवा विक्रीच्या बांधकामाच्या १५ टक्के, यांतलं जे जास्त ते मिळतं, शंभरपट भाडं नव्हे. म्हणून आधी मालकाला भेटा. बहुतेक चाळींत भाडेकरू आणि मालक वकिलांमार्फतच बोलतात, आणि मी वकील असून सांगतो, त्यात दोघांचंही नुकसान होतं. पालिकेची कलम ३५४ ची, म्हणजे इमारत धोकादायक असल्याची, नोटीस लागली तर खोली सोडण्याआधी प्रत्येक बिऱ्हाडाचं मोजमाप आणि भाडेकरूंची यादी पालिकेच्या अभियंत्याकडून लेखी घ्या. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही, पण कागद नसेल तर तो सिद्ध करता येत नाही. आणि पावसाळ्याआधी बाहेर पडा.